सत्तेचाळीस अंशांतली शाल

चंद्रपूरच्या माणसाला शाल पांघरायला भलतंच धाडस लागतं. मे महिन्यात इथे पारा ४७ अंशांच्या पुढे जातो. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि थंडी म्हणाल तर ती डिसेंबर-जानेवारीत चार दिवस तोंड दाखवून जाते. तरीही आमच्या ऊर्जानगरात, शेजारच्या दुर्गापुरात किंवा शहरात कुठेही सत्कार म्हटला की शाल आणि श्रीफळ ठरलेलं. सत्कारमूर्ती माजी सैनिक असला तर शाल आणखी जाड. ज्याने सीमेवर थंडी सोसली त्याला उबेची किंमत ठाऊक, असा काहीसा आयोजकांचा हिशेब असावा.

आमच्या ओळखीतले एक निवृत्त सुभेदार आहेत. सगळे त्यांना सुभेदार काकाच म्हणतात. सिग्नल्समध्ये होते, ट्रेनिंग जबलपूरला झालेलं. त्यांच्याकडे फौजेतली काळी लोखंडी पेटी अजून आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर, रँक, नाव लिहिलेलं. एके काळी त्या पेटीत त्यांचा सगळा संसार मावत असे. आता तिच्यात शालींची चळत आहे. १५ ऑगस्टच्या, २६ जानेवारीच्या, कारगिल विजय दिवसाच्या. “कसर लागू नये म्हनून डांबराच्या गोळ्या टाकाव्या लागते,” काकू सांगतात, “अन् त्या गोळ्या काही कोनी देत नाही.”

काका सियाचीनला राहून आलेले. १९८४ च्या एप्रिलमध्ये ऑपरेशन मेघदूत झालं आणि तेव्हापासून आपली फौज त्या हिमनदीवर बसून आहे. तिथे पारा उणे पन्नासापर्यंत उतरतो. तिथून निवृत्त होऊन माणूस चंद्रपूरला येतो, म्हणजे एका जन्मात शंभरेक अंशांचा प्रवास होतो. “थंडीत होतो तवा कोनी शाल देल्ली नाही,” काका म्हणतात, “आता कूलरपुढं बसलो तं पांघरूण घालते.”

मी एकदा त्यांना सरळच विचारलं, “मग काय द्यावं, काका?”

“खुर्ची द्या.”

“स्टेजवर असते ना खुर्ची.”

“माह्याले नाही जी. गेटवर उभा हाये, त्याले द्या.”

हे समजायला त्या दिवशीचा प्रसंग सांगायला हवा. एका मंडळाने माजी सैनिकांचा सत्कार ठेवला होता. आत देशभक्तीपर गाणी, पाहुण्यांची भाषणं, पुष्पगुच्छ. बाहेर गाड्या लावण्यावरून वाद. एक गृहस्थ खिडकीची काच अर्धी खाली करून ओरडत होते, “ए वॉचमन, ही मोटरसायकल हटव ना! आत कार्यक्रमाला उशीर होतोय.” ज्याला ओरडत होते तो माणूस शांतपणे मोटरसायकल बाजूला घेत होता. पाठ ताठ, बुटांना चकाकी, मिशी कातरलेली. काकांनी आत जाता जाता त्याला “राम राम, हवालदार साहेब” म्हटलं, त्याने टाच जुळवून उत्तर दिलं. गाडीतले गृहस्थ मग आत आले आणि पहिल्या रांगेत बसून ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांत त्यांच्या टाळ्या सगळ्यात जोरात होत्या.

माजी सैनिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या मिशांचा, छातीवर पदकं लावलेला आजोबा येतो. पण जवानाला १५ वर्षांच्या सेवेवर पेन्शन मिळते, आणि अठरा-एकोणीसचा मुलगा भरती झाला तर पस्तिशी-चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो. मुलं तेव्हा पाचवी-सहावीत असतात, घराचं बांधकाम प्लिंथपर्यंत आलेलं असतं, बहिणीचं लग्न बाकी असतं. पेन्शनवर हे सगळं भागत नाही. मग तो पुन्हा वर्दी चढवतो. भद्रावतीच्या आयुध निर्माणीसारख्या ठिकाणी डीएससीमध्ये, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, दुसरी नोकरी धरतो. नाहीतर महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाकडून, ज्याला सगळे मेस्को म्हणतात, कुठल्या तरी सरकारी उपक्रमाच्या गेटवर उभा राहतो. राज्याच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्यातून कोणी कार्यालयांतही लागतो. म्हणजे आपण ज्याला शोधून, पत्रिका छापून, स्टेजवर बसवतो, तो रोज सकाळी आपल्याला गेट उघडून देत असतो.

ऊर्जानगर ही औष्णिक वीज केंद्राची वसाहत. २९२० मेगावॅटचं हे केंद्र राज्याला वीज पुरवतं आणि आम्हाला वीज अधिक राख. इथे गेटं पुष्कळ, आणि गेटावरचा सुरक्षारक्षक हा इथल्या रोजच्या जगण्याचा भाग. रात्रपाळी म्हणजे नुसतं जागणं नव्हे. मोहर्लीकडे, म्हणजे ताडोब्याकडे जाणारा रस्ता इथूनच जातो आणि त्या रस्त्याने पर्यटक वाघ पाहायला जातात. वाघ मात्र अधूनमधून उलट्या दिशेने येतो. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराला मारलं आणि पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला नेलं. तेव्हापासून इथल्या आयांनी दिवेलागणीनंतर मुलांना अंगणात सोडणं बंद केलं. अशा जागी रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन कुंपणाच्या कडेने फेरी मारणारा माणूस असतो, ही गोष्ट आपण पंखा पाचवर ठेवून झोपलेले असताना लक्षात राहत नाही.

गेटवरचं रजिस्टर कधी नीट पाहिलंय? माजी सैनिकाने आखलेलं रजिस्टर चटकन ओळखू येतं. रकाने पट्टीने मारलेले, वेळ चोवीस तासांची, खाडाखोड नाही. आणि त्या सुंदर रकान्यांत आपण काय लिहितो? नावाच्या जागी एक वेटोळं. कामाच्या रकान्यात ‘पर्सनल’. मोबाइल नंबरात एक आकडा कमी. वेळ विचारली तर “टाका काहीतरी”. काहीतरी टाकणं हे त्या माणसाने उभ्या नोकरीत केलेलं नसतं. तो आपल्याकडे पाहतो, आपल्या मागच्या रांगेकडे पाहतो, आणि स्वतःच्या हाताने १४२५ लिहितो. सैनिकाविषयी आदर दाखवायचा तर अक्षर लागेल असं लिहावं, नंबराचे दहाच्या दहा आकडे द्यावेत. रात्री गेटजवळ आल्यावर हेडलाइट खाली करावे, त्याच्या डोळ्यांवर फुल बीम मारून हॉर्न वाजवू नये. यात खर्च काही नाही आणि फोटोही निघत नाही, म्हणूनच कदाचित कोणी करत नाही.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. लग्नात, बारशात, एसटीत, माजी सैनिक भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: “मग, किती मारले?” जणू माणूस १५ वर्षं शिकारीला गेला होता. फौजेत ड्रायव्हर असतो, स्वयंपाकी असतो, नर्सिंग असिस्टंट असतो, कारकून असतो, खेचरं सांभाळणारा असतो. ज्याने खरंच गोळी चालवली, त्याला ते वरणभात वाढून घेताना सांगायचं नसतं. काकांना हा प्रश्न आला की ते गंभीरपणे म्हणतात, “हजारो. डासं. तेजपूरले.” त्याऐवजी त्यांना विचारा की बर्फात बॅटऱ्या गरम कशा ठेवायच्या, केरळच्या आणि पंजाबच्या माणसांना एकाच लंगरात खूश ठेवणारा आचारी काय करायचा, वायरलेसवर आवाज खरखरू लागला की ऐकणारा काय करतो. काका तासभर बोलतील. गॅसचा नंबर लावतानाही ते अल्फा, ब्राव्हो, चार्लीवर येतात. पलीकडची मुलगी गोंधळते, पण सिलिंडर कधी चुकीच्या पत्त्यावर गेलेला नाही.

आता कॅन्टीन. या विषयावर समाजाचं सैनिकांवरचं प्रेम सगळ्यात उघड होतं. “काका, कॅन्टीनचं कार्ड आहे ना तुमचं? एक मिक्सर पाहिजे होता.” मग प्रेशर कुकर. मग टीव्ही. मग आवाज जरा खाली येतो आणि कोट्याचा विषय निघतो. चंद्रपूर जिल्ह्यात एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती, आणि गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. त्या सहा वर्षांत माजी सैनिकांच्या तब्येतीची चौकशी करणारे अचानक वाढले होते. संध्याकाळी फाटकाशी येऊन “काय म्हणता काका, बरं आहे ना?” असं विचारणाऱ्यांचे डोळे मागच्या कपाटाकडे. काकांचं उत्तर पाठ होतं: “रम नाही जी. राम राम घ्या.” दारूबंदी उठली आणि चौकशा पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आल्या. माजी सैनिकाचा मान ठेवायचा तर त्याच्या कार्डावर आपला मिक्सर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत लोकप्रिय होणार नाही, हेही दिसतंय.

खऱ्या मदतीचा महिना नोव्हेंबर. पेन्शन चालू ठेवायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत साहेबापुढे उभं राहिलं की काम व्हायचं. २०१४ पासून जीवन प्रमाण आलं, बोटाचा ठसा मशीनवर ठेवायचा. शेतीत, मातीत, थंडीत झिजलेल्या बोटांचा ठसा मशीनला लागत नाही. धडधाकट माणूस समोर उभा, घामाघूम, आणि मशीन म्हणतं जुळत नाही. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही ते होतं. पण त्यासाठी आधी ॲप हवं, मग आधार, ओटीपी, मग ‘स्पर्श’ हे संरक्षण पेन्शनचं पोर्टल, त्याचा पासवर्ड. जुन्या फौजीला पेन्शन म्हणजे अलाहाबादहून येणारा कागद. पासवर्डशी त्याची ओळख नाही. आमच्या वसाहतीत प्रत्येक क्वार्टरमध्ये निदान एक इंजिनिअर किंवा होऊ घातलेला इंजिनिअर आहे, आणि त्याच्या हातात फोन चोवीस तास असतो. त्यातल्या एकाने नोव्हेंबरच्या एखाद्या रविवारी ओट्यावर बसून गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांचे चेहरे मोबाइलला दाखवले, तर तो सत्कार शालीपेक्षा बराच उबदार होईल. काकांच्या शेजारच्या मुलाने हे केलं. काकांना डोळे मिचकवायला सांगितलं तर ते फोटोला उभे राहतात तसे सावधान होऊन बघत राहिले. ॲपला वाटलं हा फोटोच आहे. “काका, डोळे मिटा-उघडा!” “सावधानमधे डोये हालवत नसते बेटा.”

त्याहून नाजूक भानगड आहे ती नावांची. आपल्याकडे लग्नात बायकोचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यावर नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी वाकून वाचायचं. ते तांदूळ पुढे खिरीत जातात, आणि फौजेच्या रेकॉर्डला त्यांचा पत्ताच नसतो. फौजेत लग्न, मूल, सगळं पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सैनिकाच्या वैयक्तिक नोंदींच्या आदेशात, यावं लागतं. जवानाने सुट्टीवरून परत जाऊन घाईत जे सांगितलं, हिंदी कारकुनाने जे ऐकलं, ते कायमचं नोंदलं गेलं. मग आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं दुसरं, रेकॉर्डमध्ये तिसरंच. नवरा असेपर्यंत कोणाला काही कळत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद पुढे येतो आणि बाईला सांगतात की ज्या नावाच्या बाईला पेन्शन आहे ती तुम्ही नाही. चाळीस वर्षं ज्याच्यासोबत संसार केला त्याची आपण बायको आहोत, याचं प्रतिज्ञापत्र तिला करावं लागतं.

ही गोष्ट नवरा हयात असताना एका दुपारी सुधारता येते. पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, काढायचा, आधार काढायचं, दोन्ही शेजारी ठेवायचे, नाव आणि जन्मतारीख ताडून पाहायची. फरक असला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं; जिल्ह्याच्या ठिकाणी ते त्यासाठीच असतं. काकूंच्या बाबतीत हेच निघालं. तांदळावरचं नाव एक आणि रेकॉर्डमधलं दुसरं. काका गुन्हेगारासारखे बसले होते. काकू म्हणाल्या, “चाळीस वर्सं कोनाच्या बायकोले पैशे पाठवत होते, ते पाहा आधी.”

त्याच कार्यालयात आणखी एक कागद मिळतो. माजी सैनिकांना घरपट्टी माफ करणारी, बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची योजना राज्याने २०२० मध्ये आणली. त्याआधी ही सवलत शौर्यपदक मिळवलेल्यांपुरती आणि सैनिकांच्या विधवांपुरती होती. पुष्कळांना ती अजून ठाऊक नाही, ठाऊक असली तर मागायला लाज वाटते. नगरसेवक सत्काराला येतातच. शाल खांद्यावर टाकता टाकता तेवढं कानात सांगितलं तरी चालेल.

अमेरिकेत म्हणे अनोळखी माणूसही रस्त्यात सैनिकाला थांबवून सेवेबद्दल आभार मानतो. इंग्रज नोव्हेंबरमध्ये कोटाला लाल पॉपीचं कागदी फूल लावतात. आपल्याकडे ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, १९४९ पासून. छोटा कागदी झेंडा, पाच-दहा रुपये, आणि त्यातून माजी सैनिकांच्या आणि शहिदांच्या कुटुंबांच्या कल्याणाला निधी. प्रत्येक जिल्ह्याला इष्टांक ठरवून दिलेला असतो, तो कार्यालयाकार्यालयांत वाटला जातो, आणि इष्टांक ओलांडणाऱ्यांचा सत्कार होतो. काय देऊन ते सांगायला नको.

माजी सैनिकांचा स्वतःचा दिवस १४ जानेवारीचा. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये त्या तारखेला निवृत्त झाले म्हणून. बहुतेक वर्षी नेमकी त्याच दिवशी आपली संक्रांत. तिळगूळ घेऊन त्याच्या घरी जायला याहून चांगली सोय कोणती? पण संक्रांतीबरोबर हळदीकुंकू येतं, आणि तिथे गाडी अडते. ज्या बाईला आपण २६ जानेवारीला वीरपत्नी म्हणून स्टेजवर बोलावतो, माइकवर जिच्या त्यागाचं वर्णन करतो, तिला बारा दिवस आधी गल्लीतल्या हळदीकुंकवाचं बोलावणं नसतं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनीही तसं करावं म्हटलं. परिपत्रक आमच्यापर्यंत पोचलं असेल. वाण अजून सगळीकडे पोचलेलं नाही. आमच्या मागच्या गल्लीत मात्र काकूंनी एका वर्षी कोणाला न विचारता एका जवानाच्या विधवेला हाताला धरून आणलं, पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि स्टीलचा डबा हातात दिला. दोन-तीन बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. काकू म्हणाल्या, “पाहता कायले? तिळगूळ घ्या अन् गोड बोला.” पुढच्या वर्षीपासून ती बाई बोलावण्याची वाट पाहत नाही, आणि उखाणाही सगळ्यांत लांब तिचाच असतो.

२०२२ मध्येच अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी पंचवीस टक्के मुलं फौजेत राहणार, बाकीची परत येणार. म्हणजे उद्या फौजेतून परतलेला माणूस पंचविशीचासुद्धा नसेल. त्याच्या खांद्यावर शाल टाकली तर तो ती गर्लफ्रेंडला देऊन टाकील. त्याला काम लागेल, कर्ज लागेल, गावात विचारणारं कोणी लागेल. त्याची तयारी कोणी करतंय का, हे मला दिसत नाही.

काकांना काम मिळालं ते मात्र अपघाताने. दुर्गापूर, पद्मापूर, ऊर्जानगर भागातली पोरं पोलीस भरतीची, फौजेची तयारी करतात. १६०० मीटर पळायचं, गोळा फेकायचा. कोणीतरी मोबाइलवर घड्याळ लावायचं आणि प्रत्येक जण आपल्याच वेळेत पास व्हायचा. एक दिवस काका फिरायला गेले असता त्यांनी ते पाहिलं आणि शिट्टी मागवली. तेव्हापासून मैदान त्यांचं. पहिला नियम, उजाडल्याशिवाय कोणी पळणार नाही. बिबट्याशी शर्यत नाही. दुसरा नियम, पोरींची रांग पुढे. तिसरा नियम, मोबाइल पिशवीत. पोरांनी त्यांना काही दिलेलं नाही, शाल तर नाहीच. भरती झालेला एखादा पहिल्या पगारात पेढे आणतो, ते काका सगळ्यांना वाटतात आणि स्वतः साखर आहे म्हणून खात नाहीत. एकदा मात्र एक जण अडचण घेऊन आला: ऑनलाइन अर्जात जातीचा दाखला अपलोड होत नाही, शेवटची तारीख उद्याची.

“हे माह्याच्यानं होत नाही,” काका म्हणाले आणि फोन लावला. मला.

मी लॅपटॉप घेऊन पोचलो तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पोरं दम खात पायरीवर बसली होती, ती एकदम गप्प झाली.

“पाच मिनटं लेट.”

“काका, फॉर्म भरायला आलोय मी. पळायला नाही.”

“फॉर्म भरा ना. एक राउंड मारा, मंग भरा.”

“अहो, माझं वय बघा.”

“वय नाही इचारलं जी. चपला काढून ठिवा.”

एका पोरीने लॅपटॉप माझ्या हातातून अलगद काढून घेतला.